साचा आणि त्याचे आयुष्य

उज्जैनच्या फ्रीगंज भागातील टावर चौकात सायंकाळी माणसांची दाटी होते. घड्याळाच्या मनोऱ्याभोवती खाद्यपदार्थांचे ठेले लागतात, दुकानांतून छताचे पंखे फिरत असतात. शहराबाहेर माळव्याच्या काळ्या मातीत विजेचे पंप विहिरीचे पाणी उपसतात. पंखा काय किंवा पंप काय, त्याच्या मोटारीत फिरणारा जो भाग असतो त्यास रोटर म्हणतात. पोलादी चकत्यांच्या चळतीत खाचा ठेवून त्यांत धातूचा पिंजरा ओतलेला असतो. तो बहुधा ॲल्युमिनियमचा असतो.

वस्तुतः तांब्यातून वीज दीडपटीहून अधिक सुलभतेने वाहते. तांब्याचा पिंजरा केल्यास उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी वीज वाचते, हे अभियंत्यांना फार पूर्वीपासून ठाऊक होते. अडचण होती ती साच्याची.

ॲल्युमिनियम 660 अंश सेल्सिअसला वितळते. तांब्याला 1085 अंश लागतात. असा रस दाबाने साच्यात शिरताच साच्याचा पृष्ठभाग एकाएकी तापून प्रसरण पावू पाहतो. परंतु आतील थंड पोलाद त्यास जखडून धरते. ओत बाहेर काढताच तो पुन्हा निवतो. प्रत्येक ओतागणिक ही ओढाताण होऊन पृष्ठभागावर केसासारख्या भेगांचे जाळे उमटते. ॲल्युमिनियमचे हजारो ओत निमूटपणे सोसणारा पोलादी साचा तांब्यापुढे लवकरच हार खातो. मग नव्या साच्याचा खर्च थोडक्या नगांवर पडतो, यंत्र वारंवार बंद राहते आणि माल परवडेनासा होतो.

1990 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कॉपर डेव्हलपमेंट असोसिएशनच्या पुढाकाराने साच्यासाठी निरनिराळ्या धातूंची कसोटी घेण्यात आली. टंगस्टन आणि मॉलिब्डेनम उष्णता सोसतात. परंतु ते ठिसूळ असून घडविण्यास अवघड. इन्कोनेल 617 आणि हेन्स 230 या निकेलच्या मिश्रधातू अधिक उपयोगी ठरल्या. तथापि केवळ धातू बदलून भागले नाही. साचा आधीच 600 ते 650 अंशांपर्यंत तापवून त्याच तापमानात ठेवावा लागला. साचा आणि रस यांच्या तापमानातील अंतर घटले, तसा भेगांचा जोरही ओसरला. इतक्या उष्णतेत नेहमीचे पोलाद दीर्घकाळ टिकत नाही. निकेलच्या मिश्रधातूंचे बळ टिकते. धातू आणि रीत यांची अशी सांगड पडल्यावरच तांब्याचा रोटर व्यवहारात उतरू लागला. 2006 मध्ये सीमेन्स कंपनीने अशा मोटारी बाजारात आणल्या.

साच्याचा खरा शत्रू उष्णतेपेक्षाही उष्णतेतील चढउतार हा होय. ॲल्युमिनियमच्या लहान कारखान्यासही हा धडा लागू पडतो. थंड साच्यात घाईने पहिला ओत घेणारा कारागीर थोडा वेळ वाचवितो. परंतु साच्याचे आयुष्य गमावतो. साचा नीट तापवून, मगच रस सोडणाऱ्याचा माल अधिक निघतो आणि स्वस्तही पडतो. त्या स्वस्ताईचा आणि वाचलेल्या विजेचा लाभ अखेर पंप चालविणाऱ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचतो. मग त्याने तो साचा कधी पाहिलेला नसला तरी चालेल.