पुण्याचे काम, की विद्येचे?

(ज्युबिलीनिमित्त वेळापूर येथे दिलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी आभारांची यादी लांबच असते. वर्गणी जमवणारे, विटा वाहणारे, गायनमंडळ, मंडप घालणारे, सर्वांची नावे घेतली जातात. आणि ते योग्यच होय. आम्ही मात्र आज अशा लोकांविषयी बोलणार आहोत की, ज्यांचे नाव ह्या यादीत सहसा येत नाही. ज्यांची बुद्धी, वाचा अथवा हालचाल मंद गतीने वाढते अशा मुलांस व प्रौढांस शिकवणारे विशेष शिक्षक, वाचोपचार व अंगोपचार करणारे तज्ज्ञ, आणि वसतिगृहांत रात्रंदिवस त्यांची निगा राखणाऱ्या मावश्या, हे ते लोक. २०११ च्या जनगणनेत अशा बौद्धिक अक्षमतेच्या भारतीयांची संख्या सुमारे १५ लाख भरली. घरातल्या आतल्या खोलीत ठेवलेले मूल जनगणनेच्या कागदावर येतेच असे नाही, हेही ध्यानात असावे.

अशी शिक्षिका भेटली की आपण म्हणतो, “बाई, फार पुण्याचे काम करता, आमच्याने नसते झाले.” बोलणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो. परंतु ह्या स्तुतीत एक खोट आहे. तिच्यात त्या बाईंच्या सोशिकपणाची वाखाणणी होते, विद्येची होत नाही.

ही विद्या म्हणजे काय? सदरा घालणे हे आपल्या लेखी एक काम. विशेष शिक्षिकेच्या लेखी ती दहाबारा कामांची साखळी होय. ती पुष्कळदा साखळीच्या उलट्या टोकापासून आरंभ करते. सर्व गुंड्या स्वतः लावते, आणि अगदी शेवटची, अर्धी काजात गेलेली गुंडी तेवढी मुलास ओढावयास देते. त्यामुळे काम पुरे केल्याचा आनंद पहिल्याच दिवशी मुलाच्या वाट्यास येतो. तेवढे साधले की शेवटून दुसरी. प्रथम तिचा हात त्याच्या हातावर असतो, काही दिवसांनी मनगटावर, मग कोपरावर. मग नुसते बोट दाखवणे. आणि अखेर ती मुद्दाम पाठ फिरवून उभी राहते. हात केव्हा काढावा हे कळणे, हीच ह्या धंद्यातील खरी कसोटी. लवकर काढला तर मूल हिरमुसते. उशिरा काढला तर ते जन्मभर त्या हाताची वाट पाहते. आणि आठवडाभर शाळेत हे चालले असता घरी आई घाईघाईने पाचही गुंड्या लावून मोकळी होते! आईस दोष देत नाही. तिला खुरपणीला जावयाचे असते.

दुसरे उदाहरण भरवण्याचे. मेंदूच्या विकाराने ज्याचे अंग ताठरलेले आहे अशा बालकास माया करणारी माणसे मांडीवर आडवे घेतात, त्याची मान मागे टाकतात आणि पेज ओततात. ती पेज श्वासनलिकेत उतरते व फुप्फुसास सूज येते. तज्ज्ञ त्यास सरळ बसवतो, हनुवटी किंचित खाली ठेवतो, लहान चमचा घेतो, आणि घास गिळल्यावाचून दुसरा देऊ देत नाही. येथे नुसत्या मायेने भागत नाही, बंधूंनो. ज्ञानाने जीव वाचतो.

हे ज्ञान आपल्या प्रांतात कष्टाने रुजले. मुंबईस १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या कन्येच्या निमित्ताने जी शाळा काढली, ती जय वकील ह्या नावाने आजही चालू आहे. पुण्यास सिंधुताई जोशी ह्यांनी १९६४ साली कामायनी स्थापिली. सिस्टर गायतोंडे ह्यांनी मुंबईच्या सोफिया महाविद्यालयाच्या आवारात साधना विद्यालय सुरू केले. पुढे १९९२ च्या कायद्याने हा धंदा रीतसर शिक्षण व नोंदणी ह्यांच्या कक्षेत आला. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांच्या पेशींत ४६ ऐवजी ४७ गुणसूत्रे असतात, हे १९५९ साली पॅरिसहून प्रसिद्ध झाले. त्या संशोधकांतील जेरोम लेजन ह्यांस ख्रिस्तसभेने २०२१ साली ‘पूज्य’ म्हणून घोषित केले. परंतु ज्या पेशीसंवर्धनावर तो शोध उभा राहिला, ते तेथील प्रयोगशाळेत सुरू करणाऱ्या डॉक्टर मार्थ गोत्ये ह्यांचे नाव कित्येक वर्षे मागेच राहिले. दोघांचेही नाव घेणे आम्हांस न्याय्य वाटते.

आता वेतनाविषयी. कामास ‘पुण्य’ म्हटले की त्याचा मोबदला स्वर्गात मिळेल असे मानून येथील पगार लांबवण्यास आपण मोकळे होतो. ह्या क्षेत्रात कंत्राटावर, तुटपुंज्या मानधनावर वर्षानुवर्षे राबणारे शिक्षक पुष्कळ आहेत. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयास सरकारला सांगावे लागले की, विशेष शिक्षकांचे प्रमाण ठरवून कायम जागा निर्माण करा. पोप तेरावे लिओ ह्यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ ह्या विश्वपत्रात रास्त वेतनाचा प्रश्न १८९१ सालीच मांडला होता. तो केवळ गिरणीकामगारांपुरता आहे असे कोणी समजू नये. कॅथोलिक संस्थांनी तर मुळीच समजू नये.

आषाढीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी ह्याच वेळापुरात मुक्कामास येते. म्हाताऱ्या वारकऱ्यासाठी आपली चाल मंद करणारी माणसे आपण दरसाल पाहतो. शिक्षिका हेच वर्षभर, रोज करते आणि महिन्याच्या अखेरीस पगार घेते. पगार घेतल्याने तिची सेवा रतीभरही उणी होत नाही.

तेव्हा आमची सूचना अशी. ज्युबिलीच्या वर्गणीतून जी शिल्लक राहील, तीतून आपल्या धर्मग्रामातील अशा मुलास व त्याच्या आईस तज्ज्ञाकडे नेण्याआणण्याचे गाडीभाडे, आणि त्या दिवशी तिची बुडालेली मजुरी द्यावी. तज्ज्ञाची फी कोणीही कमी करून मागू नये. धर्मशिक्षण देणाऱ्यांनी एखाद्या विशेष शिक्षिकेस बोलावून, ह्या मुलांस ख्रिस्तप्रसादाची ओळख कशी करून द्यावी हे तिच्याकडून शिकून घ्यावे; त्या दिवशी आम्हीही बाकावर बसू. शिलकीचा हिशेब पुढील रविवारी मिस्सानंतर वाचला जाईल, आणि ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी तत्पूर्वी आम्हांस येऊन भेटावे.