विश्रांतीचा हक्क मैदानावरही

(बीड जिल्ह्यातील कबड्डी व खोखो संघांचे मार्गदर्शक आणि कार्यकर्ते यांच्यापुढे केलेले भाषण)



गावचा संघ हरला की आपल्याकडे एकच निदान होते : पोरांनी घाम कमी गाळला. मग दोन्ही वेळ सराव, सामन्याच्या आदल्या दिवशी तर दुप्पट. या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. सरावाने स्नायूंची झीज होते. ती भरून निघून ताकद वाढते ती नंतरच्या झोपेत, अन्नात आणि विसाव्यात. विश्रांती तोडली की केवळ थकवा साचतो.

आपल्या खेळांची रचनाही हेच सांगते. कबड्डीची चढाई 30 सेकंदांची. पुरुषांच्या सामन्यात 20 मिनिटांची दोन सत्रे आणि मध्ये 5 मिनिटांची विश्रांती. खोखोत एक जण पाठलाग करतो तेव्हा त्याचे आठ साथी बसलेले असतात, आणि संरक्षक तिघातिघांच्या तुकड्यांनी उतरतात. थोडा वेळ सर्व बळ पणाला लावावे, मग दम घ्यावा, हा या खेळांचा धर्म आहे. तासभर सलग पळवणारा सराव त्याला सोडून आहे.

परंतु बीडमध्ये प्रश्न एवढ्यावर संपत नाही. दिवाळीच्या सुमारास या जिल्ह्यातून लाखो माणसे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. त्यांची मुले आपल्या संघांत आहेत. सारा हंगाम फडात मोळ्या वाहून परतलेल्या तरुणाला लगेच दोन वेळच्या सरावाला लावणे म्हणजे औताचा बैल सोडून तोच गाडीला जुंपणे होय. त्याच्या श्रमाची नोंद मार्गदर्शकाच्या वहीत असते काय? पाणी भरून, भाकरी थापून मैदानावर येणाऱ्या मुलीचे कष्ट आपण मोजतो काय? शेतातले श्रम आणि मैदानावरचे श्रम असा भेद शरीर करीत नाही.

कोणी म्हणेल, गरिबाच्या पोराला पोलीस किंवा सैन्यभरतीचा हाच एक मार्ग आहे. त्याने दुप्पट राबलेच पाहिजे. पण दुप्पट तो राबतोच आहे! त्याला कमी पडते ती झोप आणि पोटभर अन्न. गुडघा एकदा कायमचा दुखावला तर भरतीही गेली आणि मजुरीही गेली.

ऊसतोडीत एक दिवस चुकला तर ‘खाडा’ म्हणून दंड बसतो. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला, तेव्हा पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, हे भीषण वास्तव पुढे आले. जेथे विसाव्याला दंड आहे तेथे वाढलेली मुले संघातून नाव जाईल या भीतीने घोट्याची सूज लपवतात. मुकादमाची ती रीत आपण मैदानावर आणता कामा नये.

म्हणून काही गोष्टी ठरवून घेऊ. कडक सराव आठवड्यातून दोन-तीन दिवस, तोही सलग नको. एक दिवस पूर्ण सुटी. सामन्याच्या आदल्या दिवशी अंग मोकळे करण्यापुरतीच हालचाल. हंगामावरून आलेल्यांना आधी आराम, मग हळूहळू वाढता सराव. एप्रिल-मेच्या उन्हात दुपारी मैदान बंद. प्रत्येकाची झोप, घरचे काम आणि दुखणे वहीत लिहावे. सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद लागू लागली, भूक मंदावली, चिडचिड वाढली, तर त्या दिवशी सराव कमी करावा. कबड्डीत मैदानात सात असले तरी संघ बारांचा असतो. राखीव खेळाडूंनाही आलटूनपालटून उतरवावे. भार वाटून घेणे यालाच संघ म्हणतात.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यातून 10 जून 1890 रोजी गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. कामगारांनी झगडून मिळवलेला तो हक्क त्यांच्या नातवंडा-पतवंडांना मैदानावर नाकारणारे आपण कोण?