कपाट कोणाचे?



महागड्या व संथ विद्वत्‌नियतकालिकांना पर्याय म्हणून १९९९ मध्ये अमेरिकेतील बर्कलीच्या काही प्राध्यापकांनी ‘बीप्रेस’ ही संस्था काढली. पुढे पाचशेहून अधिक संस्थांनी आपल्या प्राध्यापकांचे निबंध व विद्यार्थ्यांचे प्रबंध तिच्या संगणकीय भांडारात ठेवले. त्यांतील बहुतेक कोणालाही विनामूल्य वाचता येत. ऑगस्ट २०१७ मध्ये एल्सेव्हिअर या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने बीप्रेसच विकत घेतली. ‘एसएसआरएन’ हे सामाजिक शास्त्रांचे भांडार तिने आदल्याच वर्षी घेतले होते.

निबंध खुलेच राहिले, हे मान्य केले पाहिजे. मात्र कपाटे, आणि कोणता निबंध किती वाचला जातो याची नोंदवही, ज्यांच्यापासून सुटका हवी होती त्यांच्याच हाती गेली. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या ग्रंथालयाने त्याच वर्षी बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला; परंतु असे भांडार हलविणे म्हणजे बिऱ्हाड हलविणे नव्हे. (तेही कुठे सोपे असते!)

पॉल गिन्सपार्ग यांनी १९९१ मध्ये भौतिकशास्त्रासाठी सुरू केलेले ‘आर्काइव्ह’ २००१ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाकडे आले. खर्च वाढला, तेव्हा २०१० मध्ये कॉर्नेलने ते विकावयास काढले नाही. सर्वाधिक वापर करणाऱ्या संस्थांच्या ग्रंथालयांकडे ऐच्छिक वर्गणी मागितली. या वाचनालयात शतकभर चालत आलेली तीच रीत. अनेक ग्रंथालयांनी ती वर्गणी दिली.