कार्ड, यंत्र आणि रोग्याची खाट



गेल्या महिन्यांत एका आप्ताच्या दुखण्यापायीं मला एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या नोंदणीच्या खिडकीपुढें लागोपाठ तीन दिवस उभें राहण्याचा प्रसंग आला. रुग्णालयाचें नांव मी सांगत नाहीं. सांगितल्यास सगळा दोष त्या एका इमारतीच्या माथीं जाईल, आणि तो तेवढाच नाहीं. दुसऱ्या दिवशीं रांगेंत माझ्या पुढें साठी उलटलेल्या एक बाई होत्या. मूतखड्याचें दुखणें, शस्त्रक्रिया करावी लागेल असें डॉक्टरांनीं सांगितलेलें, आणि ती सरकारी योजनेखालीं विनामूल्य व्हावयाची. खिडकींतल्या तरुण कारकुनानें त्यांना यंत्राच्या कांचेवर बोट ठेवावयास सांगितलें. अंगठा ठेवला, यंत्र मुकें. तर्जनी ठेवली, तरी मुकें. जन्मभर लोकांचीं भांडीं घांसून बोटांवरच्या रेषा झिजल्या होत्या. मग मोबाइलवर सहा आंकडे येतील ते सांगा असें म्हणतांच बाई म्हणाल्या, "मोबाइल लेकाकडं असतो, अन् लेक भिवंडीला मागावर." तो तरुण उद्धट नव्हता. उलट जरा ओशाळूनच तो म्हणाला, "आजी, संगणक घेतच नाहीं, तर मी काय करूं?"

हें वाक्य त्या दिवसापासून माझ्या मनांत घोळत आहे. यंत्रविद्या, आरोग्य आणि राज्याचें राजकारण यांच्या बातम्या वर्तमानपत्रांत तीन निरनिराळ्या स्तंभांत येतात. त्या खिडकीपुढें मला त्या तिन्ही एकाच बातमीचे तुकडे वाटल्या.

ज्या योजनेखालीं त्या बाईंवर उपचार व्हावयाचे, तिचा इतिहास फार लांबचा नाहीं. २०१२ च्या जुलै महिन्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नांवानें आठ जिल्ह्यांत तिचा आरंभ झाला. पुढल्या वर्षीं ती सगळ्या राज्यांत गेली, २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें, आणि २०२० पासून केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशीं तिची सांगड घालण्यांत आली. (नांवें बदलण्याची हौस आपल्या राज्यकर्त्यांना किती दांडगी आहे हें येथेंही दिसतें, तरी फुल्यांचें नांव वाईट खासच नाहीं.) २०२३ च्या जूनअखेर मंत्रिमंडळानें ठरविलें कीं, शिधापत्रिका कोणत्याही रंगाची असो, राज्यांतील प्रत्येक कुटुंबास वर्षाला पांच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचें संरक्षण मिळावें. पूर्वीची मर्यादा दीड लाखांची होती. त्याच वर्षीं १५ ऑगस्टपासून आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. हे निर्णय चांगले आहेत. सरकार कोणत्या पक्षाचें, हें न पाहतां तसें म्हटलें पाहिजे.

पण त्यानंतर दोन महिने उलटतात न उलटतात तोंच नांदेडची बातमी आली. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत चोवीस रोगी दगावले. त्यांतले बारा नवजात अर्भकें होतीं. अठ्ठेचाळीस तासांचा हिशेब धरतां हा आंकडा एकतीसवर गेला. अधिष्ठात्यांनीं आधीं औषधखरेदींतल्या अडचणीचा आणि बदल्यांमुळें पडलेल्या माणसांच्या तुटवड्याचा उल्लेख केला; औषधें कमी नव्हतीं असें सरकारनें सांगितलें; मुंबई उच्च न्यायालयानें आपण होऊन प्रकरणाची दखल घेतली. आणि या सगळ्या दुःखाच्या मध्यभागीं एका खासदारांनीं अधिष्ठात्यांच्या हातीं झाडू देऊन त्यांच्याकडून स्वच्छतागृह साफ करविलें, तें चित्र साऱ्या देशानें पाहिलें. मला त्या प्रकाराचा राग आला तो डॉक्टरांच्या अपमानामुळें तर खराच, पण त्याहून अधिक यासाठीं कीं, रुग्णालयांत माणसें कमी कां, हा प्रश्न तेवढ्या दृश्यानें झांकला गेला.

तो प्रश्न कांहीं नवा नव्हे. सार्वजनिक आरोग्य हा घटनेप्रमाणें राज्यांचा विषय आहे. राज्यांनीं २०२० पर्यंत आपल्या अंदाजपत्रकाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा, असें २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणांत लिहिलेलें आहे. २०२० साल आलें आणि गेलें. महाराष्ट्र त्या आंकड्याच्या पुष्कळ खालींच राहिला. डॉक्टरांचीं, परिचारिकांचीं, तंत्रज्ञांचीं पदें मोठ्या संख्येनें रिकामीं असल्याचें महालेखापरीक्षकांच्या अहवालानें २०२४ च्या डिसेंबरांत विधिमंडळापुढें मांडलें. त्यावर किती वेळ चर्चा झाली, हें श्रोत्यांनींच आठवून पाहावें. कार्ड समारंभांत वांटतां येतें, यंत्राची फीत कापतां येते. परिचारिकेच्या नेमणुकीचा कागद टपालानें जातो; तेथें मांडव घालण्याजोगें कांहीं नसतें.

येथें माझ्यावर एक आरोप येईल, आणि तो येण्यापूर्वींच मी त्याला उत्तर देतों. मी यंत्रांचा द्वेष्टा नाहीं. क्षयरोगाचें उदाहरण घ्या. छातीच्या क्ष-किरण चित्रावरून क्षयाची शंका ओळखण्याचें काम संगणकाला शिकवितां येतें. पंधरा वर्षें व त्यावरील वयाच्या लोकांच्या चाळणीसाठीं, चित्र वाचणाऱ्या तज्ज्ञाच्या जागीं असा संगणक वापरण्यास जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं मान्यता दिली. ज्या तालुक्यांत क्ष-किरणतज्ज्ञ औषधालाही मिळत नाहीं, तेथें हातांत धरून नेतां येणारें क्ष-किरण यंत्र आणि चित्र वाचणारा संगणक हें वरदानच म्हटलें पाहिजे. २०२४ च्या ७ डिसेंबरला देशांत शंभर दिवसांची क्षयशोध मोहीम सुरू झाली, तिच्यांत अशीं यंत्रें गांवोगांव फिरलीं. मला त्याचें कौतुक आहे.

परंतु संगणक शंका घेतो, एवढेंच त्याचें काम. पुढें थुंकी तपासावयास प्रयोगशाळेंत मनुष्य लागतो. रोग ठरला म्हणजे निदान सहा महिने खंड न पडतां गोळ्या लागतात. त्याच २०२४ सालच्या मार्च-एप्रिलांत क्षयाच्या औषधांचा देशभर तुटवडा पडला आणि राज्यांनीं आपापल्या पातळीवर तीं खरेदी करावीं असें केंद्रास सांगावें लागलें. क्षयाच्या गोळ्यांत खंड पडला म्हणजे जंतु औषधाला दाद देईनासे होतात, हें आपल्या घरांतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असतें. ज्याच्या छातींतला डाग यंत्रानें क्षणांत शोधला, त्याला गोळीसाठीं "पुढल्या आठवड्यांत या" म्हणणें, ही त्या यंत्राचीही विटंबनाच झाली.

खिडकीवरच्या त्या सहा आंकड्यांकडे आतां वळतों. १ मे २०२१ पासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या नागरिकांना करोनाची लस खुली झाली, पण ती कोविनवर आगाऊ नोंदणी करणारांनाच. ज्यांच्या हातीं चांगला मोबाइल आणि वेगवान जाळें, त्यांनीं शहराजवळच्या ग्रामीण केंद्रांवरील जागाही पटकावल्या, आणि ज्यांच्या गांवांत केंद्र होतें ते दाराशीं उभे राहिले. महिन्याच्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयानेंच या विषमतेबद्दल सरकारला प्रश्न विचारले. पुढें तें बंधन सैल झालें. आपल्यापैकीं पुष्कळांनीं त्या वेळीं घरबसल्या नोंदणी केली असेल. मींही केली होती, आणि जागा मिळाली तेव्हां स्वतःच्या चपळाईचें मला कौतुकच वाटलें होतें, हें येथें कबूल करतों.

एवढ्या अनुभवावरून आपण कांहीं शिकलों म्हणावें, तर २०२५ च्या सप्टेंबरांत लाडक्या बहिणींची पाळी आली. जुलै २०२४ पासून दरमहा पंधराशें रुपये देतांना, आणि त्याच नोव्हेंबरांत निवडणूक होती हें विसरूं नका, सरकारचा हात सैल होता. पुढें छाननी सुरू झाली, आणि प्रत्येकीनें आपली व आपल्या पतीची किंवा पित्याची ओळख मोबाइलवरील आंकड्यांनीं पटवून द्यावी असें ठरलें. छाननी असूं नये असें मी म्हणत नाहीं. जनतेचा पैसा आहे, ती झालीच पाहिजे. पण जिला पति नाहीं आणि पिताही नाहीं अशा बाईनें कोणाचे आंकडे द्यावे, हा प्रश्न नियम करणारांना आधीं सुचला नाहीं. तक्रारी झाल्या, मुदत वाढली, मग वाट काढण्यांत आली. वैधव्य ही कांहीं आपल्या देशांत अपूर्व घटना नव्हे.

आणि संगणकावांचून कारभार चालतच नाहीं, असें जे सांगतात त्यांना मी दिल्लीचें उदाहरण देईन. २०२२ च्या २३ नोव्हेंबरला तेथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर हल्ला झाला. सुमारें दोन आठवडे देशांतल्या त्या अग्रगण्य रुग्णालयाची नोंदणी, दाखले, तपासण्यांचे निकाल हें सारें पुष्कळसें हातानें लिहून चाललें. हाल झाले, रांगा लांबल्या, पण काम थांबलें नाहीं. संस्थेचा संगणक बंद पडला तर कागद चालतो. मग एका म्हातारीचें बोट बंद पडलें तर तो कां चालूं नये?

माझें मागणें लहान आहे. जेथें जेथें असें यंत्र बसेल, तेथें शेजारीं एक वही असावी, आणि यंत्र न मानल्यास वहींत नोंद करून रोग्याला आंत घ्यावें, असा लेखी हुकूम खिडकीवरच्या कारकुनाच्या हातीं असावा. हुकूम लेखी हवा, कारण तोंडी दयेची किंमत पुढें हिशेबतपासणींत त्या बापड्या कारकुनाला भरावी लागते. आणि मंत्रिमहोदय नव्या यंत्राची फीत कापतील तेव्हां तें चालविणाऱ्या तंत्रज्ञाचें पद भरलें आहे कीं नाहीं, एवढें वार्ताहरांनीं त्यांना तेथल्या तेथें विचारावें. विरोधी पक्षांनींही विचारावें. मात्र सत्तेवर असतांना तेंच पद त्यांनीं स्वतः भरलें होतें काय, हें आधीं आठवून.

त्या बाईंचें पुढें काय झालें, हें सांगावयाचें राहिलें. खिडकीच्या आंतून एक प्रौढ परिचारिका आल्या. बाईंनीं प्लॅस्टिकच्या पिशवींत जपलेली शिधापत्रिका काढली. परिचारिकेनें तिच्यावरून नांव एका जुन्या वहींत उतरवून घेतलें, "बोटाचं मग बघूं" असें कारकुनाला म्हणाल्या, आणि बाईंना आंत घेऊन गेल्या. तिसऱ्या दिवशीं आप्ताला भेटून परततांना वरच्या मजल्यावर, दोन खाटांच्या मध्यें जमिनीवर घातलेल्या गादीवर मला त्या पुन्हां दिसल्या. त्यांनीं मला ओळखलें, हांक मारली, आणि उशाखालून एक चिठ्ठी काढून पुढें केली. "दादा, जरा वाचा हो," त्या म्हणाल्या, "यांतली कुठली गोळी बाहेरून आणायला सांगितलीय?"