आवली चुलीपाशीच राहिली



तुमच्या पदवीवर संत गाडगे बाबांचं नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या माणसाच्या नावानं विद्यापीठ असावं, ही आपल्या पाच जिल्ह्यांनी मिरवावी अशी गोष्ट. १९७७ साली राजदत्त यांनी बाबांच्या आयुष्यावर 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट केला. त्यात बाबा झाले डॉ. श्रीराम लागू. डॉक्टर देव न मानणारे. पुढे त्यांनी देवाला निवृत्त करा असं जाहीरपणे लिहिलं आणि महाराष्ट्रात वादळ उठलं. एका नास्तिकानं संत उभा करावा आणि तो लोकांनी आपला म्हणावा, हे आपल्याकडे घडतं.

माझा विषय सिनेमा. श्रद्धा आणि मरणासमोरचं धैर्य पडद्यावर कसं दिसतं, याबद्दल आज बोलायचं ठरवलं आहे. आनंदाच्या दिवशी मरणाचं कशाला, असं काही पालकांच्या मनात आलं असेल. पण आपला जिल्हा या विषयाला पाहुणा नाही. शेगावला गजानन महाराजांनी १९१० साली ऋषिपंचमीला समाधी घेतली. तिथली रांग आजही हटत नाही. सिंदखेडराजाला जिजाऊंचे वडील लखुजी जाधवराव यांची समाधी आहे; १६२९ साली दौलताबादला मुलांसह त्यांची दगा करून हत्या झाली. आणि आपल्या कापूस-सोयाबीनच्या शिवारात कर्जापायी विझलेली घरं कुठे आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता १९३६ सालात चला. पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीनं 'संत तुकाराम' काढला. दिग्दर्शक दोघे, विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल. तुकोबा झाले विष्णुपंत पागनीस, एके काळी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. हा चित्रपट वर्षभराहून अधिक काळ चालला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात जगातल्या तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी रचलेलं एक पद तर इतकं जमून गेलं, की कित्येकांना ते तुकोबांच्याच गाथेतलं वाटलं.

शेवट तुम्हाला ठाऊक असेल. तुकोबांना वैकुंठाला जायचं आहे. ते बायकोला, आवलीला, चल म्हणतात. ती काही ते मनावर घेत नाही. तिच्यापुढे चूल आहे, पोरांची भूक आहे, आणि नवऱ्याच्या असल्या बोलण्याची तिला सवय झालेली आहे. मग विमान खरंच येतं. तुकोबा जातात आणि आवली खाली राहते.

लोक विमान पाहायला जात. माझी नजर आवलीवर थांबते. तुकोबांना मरणाची भीती नाही, कारण त्यांना विठ्ठल भेटलेला आहे. आवलीला कुणी भेटलेलं नाही. त्या पांडुरंगाशी तिचं उभं भांडण आहे; त्याच्यापायी घरात दाणा नाही, हे ती तोंडावर सांगते. विमान दृष्टीआड झाल्यावर पोरांना जेवायला वाढायचं कुणी, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. विचारायची गरजच पडत नाही, कारण उत्तर आपल्याला ठाऊक असतं. मरणाला हसत सामोरं जाणाऱ्याचं धैर्य मोठं आहे. त्याच्या मागे घर उभं ठेवणारीचं धैर्य मी त्याहून मोठं मानतो.

याच दोघा दिग्दर्शकांनी १९४० मध्ये 'संत ज्ञानेश्वर' केला. ज्ञानेश्वर झाले शाहू मोडक, जन्मानं मराठी ख्रिस्ती. म्हणजे फत्तेलाल मुसलमान, मोडक ख्रिस्ती, पुढे लागू नास्तिक. मराठी पडद्यावरचा संत या सगळ्यांनी मिळून घडवला. श्रद्धा एका जातीची, एका धर्माची मालमत्ता आहे असं कुणी तुम्हाला सांगू लागलं, तर ही तीन नावं त्याच्यासमोर ठेवा.

ज्ञानेश्वरांच्या कथेत मात्र एक काळी जागा आहे. आळंदीची समाधी आपण भक्तिभावानं आठवतो. त्यांच्या आईवडिलांचं मरण आठवताना आपली जीभ अडखळते. परंपरा सांगते, की संन्यास सोडून संसारात परतलेल्या विठ्ठलपंतांना धर्मपीठानं देहान्त प्रायश्चित्त सांगितलं आणि त्यांनी व रुक्मिणीबाईंनी देह ठेवला. चार लेकरं उघड्यावर पडली. धर्माच्या नावानं दुसऱ्याला मरायला सांगणारे तेव्हा होते, आजही आहेत. ते स्वतः कधी मरत नाहीत. पडद्यावर कुणी मरणाचा जयजयकार करू लागलं, आणि थिएटरात शिट्ट्या वाजू लागल्या, की एवढं तपासा: मरायला कोण निघालं आहे, आणि पाठवतं आहे कोण?

कुणी न पाठवता स्वतःच ठरवणारी माणसं 'ऑफ गॉड्स अँड मेन' या २०१० सालच्या फ्रेंच चित्रपटात आहेत; जमलं तर जरूर पाहा. अल्जीरियातल्या तिबिरीन गावच्या ख्रिस्ती साधूंची ही खरी हकीकत. यादवी युद्ध पेटलं आहे, जिवाला धोका आहे, परत जायची वाट मोकळी आहे. ते सगळे एका टेबलाभोवती बसतात आणि राहायचं की निघायचं यावर बोलतात. कुणी उघड सांगतो, मला भीती वाटते. कुणी एवढ्यात ठरवू नका म्हणतो. त्यांच्यातले एक म्हातारे डॉक्टर गावातल्या मुसलमान बायाबापड्यांना रोज औषध देतात. शेवटी ते राहतात, ते हुतात्मा होण्याच्या हौसेपोटी नाही. गावाला त्यांचा आधार आहे म्हणून. १९९६ मध्ये त्यांच्यातल्या सात जणांना पळवून नेलं आणि ते मारले गेले. भीती कबूल करूनही जागा न सोडणारी ही माणसं मला आवलीच्या जवळची वाटतात.

आणि आता आपल्या विदर्भात परत येऊ. सतीश मनवर यांचा २००९ सालचा 'गाभ्रीचा पाऊस'. कर्जात बुडालेला शेतकरी किसना, भूमिका गिरीश कुलकर्णींची. त्याची बायको अलका, सोनाली कुलकर्णी. शेजारचा शेतकरी जीव देतो आणि अलकाच्या पोटात गोळा येतो: आपल्याही घरात असं झालं तर? ती पोराला बापाच्या मागे लावते, नवऱ्याला एकटं सोडत नाही, घरात काही नसताना त्याच्या आवडीचं रांधते. या चित्रपटात विमान उतरत नाही. साक्षात्कार नाही, अभंग नाही. मरण दारात उभं आहे आणि एक बाई कढईत तेल टाकून त्याला थोपवू पाहते आहे. श्रद्धेचं याहून खरं चित्र मी मराठी पडद्यावर पाहिलेलं नाही.

तुकोबांबद्दलची एक गोष्ट या जिल्ह्यानं विसरू नये. दुष्काळात घर बसलं, पहिली बायको आणि मुलगा गेला. त्यानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत सोडली, असं परंपरा सांगते. वैकुंठाचं विमान येण्याच्या कितीतरी आधी त्यांनी कर्जदारांच्या गळ्यातला फास सोडवला होता. गाडगे बाबाही कीर्तनात हेच बजावत: कर्ज काढून सण-लग्न करू नका, देवाला बकरं कापू नका, पोराला शाळेत घाला. मेलेल्यांची सोय करत बसण्यापेक्षा जित्यांची करा, हा त्यांचा धर्म.

मित्रहो, तुमच्यातले काही पुण्याला जातील, काही नागपूरला, काही गावातच राहतील. बँकेत बसाल तेव्हा समोरच्या शेतकऱ्याचा कागद नीट वाचून त्याला समजावून सांगा. शिक्षक झालात तर वर्गात गप्प झालेल्या पोराला त्याच्या घरचं विचारा. कुणी मित्र जगण्याला कंटाळल्यासारखं बोलू लागला, तर ते थट्टेवारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा, आणि १४४१६ हा शासनाच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक त्याला लावून द्या. स्वतःवर तशी वेळ आली तर बोलायला लाजू नका. तिबिरीनच्या साधूंनीही टेबलाभोवती बसून भीती बोलूनच दाखवली होती.

देव माना अगर मानू नका, तो तुमचा प्रश्न. पण तुमच्या ओळखीतला एकही माणूस एकटा पडून मरणाकडे जाणार नाही, एवढी जबाबदारी या पदवीबरोबर घेऊन जा.