आधी घर, मग फर्मान



आम्ही रत्नागिरीची माणसं. मुंबईच्या गिरण्यांत आमच्या पिढ्या राबल्या. १८ जानेवारी १९८२ ला संप झाला. पुढे एकेक भोंगा थांबला, गिरण्यांच्या जागी टॉवर उठले. कितीतरी म्हातारे घराची वाट बघत गेले.

सरकारला घाई कशाची? १६ एप्रिल २०२५ ला हुकूम निघाला, पहिलीपासून हिंदी सक्तीची! कोणी मागितली होती? हिंदीशी आमचं वैर नाही. शेजारच्या साच्यावर उत्तरेचा भाऊही राबला. पण पोराच्या जिभेवर आधी आईची भाषा बसू द्या, ही आमची जुनी रीत. लोक उठले, तेव्हा २९ जूनला हुकूम मागे घेतला.

९ जुलैला गिरणी कामगार आझाद मैदानात जमले. म्हणाले, घर मुंबईतच द्या, शेलू-वांगणीला नको. त्याची घाई का नाही?

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला. आनंद आहे. पण गावची मराठी शाळाच पटाअभावी बंद पडली, तर तो मान बसायचा कुठे?

बंधूंनो, हुकूम परतवताना जी एकी दाखवलीत, तीच घरासाठी आणि शाळेसाठी धरा.

जय महाराष्ट्र!