आयदान विणणारी आई आणि लिहिणारी लेक
(महिला मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितले की, ‘एखाद्या लेखिकेवर बोला.’ मी उर्मिला पवार यांचे नाव सुचवले, तेव्हा एक कार्यकर्ते म्हणाले, ‘ताई, त्या तर कोकणातल्या. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या बायांना त्यांचे काय?’ प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपल्या जंगलातच उभे आहे. ते उत्तर म्हणजे बांबू.

उर्मिलाताईंचा जन्म १९४५ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या फणसवळे गावचा. वडील शिक्षक होते. मुलांना शिकवायचेच, हा त्यांचा निर्धार होता. पण ताई तिसरीत असतानाच ते वारले. मागे राहिली आई. आपल्याकडे सुपे-टोपल्या विणण्याचे काम बुरड समाज करतो. कोकणात ते काम महार समाजाकडे होते आणि बांबूच्या त्या वस्तूंना तिकडे ‘आयदान’ म्हणतात. आई सकाळपासून रात्रीपर्यंत आयदाने विणायची आणि त्यावर लेकरांची शाळा चालायची. तयार झालेली आयदाने घरोघर पोचवायचे काम लहानग्या उर्मिलाकडे. गिऱ्हाईक तिला दारात उभे करी, टोपलीवर पाणी शिंपडून मगच ती घरात घेई आणि पैसे हातावर वरूनच टाकी. ज्या सुपात धान्य पाखडायचे ते विणणारा हात मात्र बाटलेला, असा हा न्याय!

शाळेत एका शिक्षकाने मुलीला मारले, तेव्हा त्याच आईने त्या शिक्षकाला अडवून जाब विचारला. भगिनींनो, विधवा, निरक्षर, टोपल्या विकणारी बाई शिक्षकाला जाब विचारते, ही लहान गोष्ट नव्हे. मोठेपणी लेकीने जी लेखणी धरली, तिचे पहिले अक्षर मला इथे दिसते.

पुढे लग्न झाले आणि त्या मुंबईला आल्या. सरकारच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरी केली. नोकरी आणि संसार सांभाळून मराठी विषयात एम.ए. केले. १९८८ साली ‘सहावं बोट’ हा कथासंग्रह आला. त्यांची ‘कवच’ नावाची कथा पुष्कळ गाजली. आंबे विकायला बाजारात जाणारी आई, तिच्याशी घाणेरडे बोलणारे पुरुष आणि ते ऐकून आतल्या आत जळणारा तिचा लहान मुलगा, अशी ती कथा आहे. ती अभ्यासक्रमात लागली तेव्हा भाषा अश्लील आहे म्हणून ओरड झाली. बाजारात ते शब्द रोज बाईच्या कानावर पडतात, तेव्हा कुणी ओरडत नाही. तिने ते कागदावर लिहिले की मात्र संस्कृती बुडते!

१९८९ साली मीनाक्षी मून यांच्यासह त्यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक सिद्ध केले. आंबेडकरी चळवळीत स्त्रिया होत्या, हे सगळेच म्हणत. पण त्या कोण, कुठल्या, त्यांनी काय सोसले, हे कुणी लिहिले नव्हते. या दोघींनी वृद्ध कार्यकर्त्या शोधल्या, त्यांच्या घरी जाऊन त्यांना बोलते केले. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिलांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि स्वतः बाबासाहेबांनी त्या परिषदेला मार्गदर्शन केले. ही आपल्या विदर्भाची परंपरा आहे. ती घरातल्या मुलींना ठाऊक आहे काय?

२००३ साली ‘आयदान’ हे आत्मकथन ग्रंथालीने प्रसिद्ध केले. माया पंडित यांच्या इंग्रजी अनुवादाने ते परदेशात गेले. सुषमा देशपांडे यांनी ते रंगमंचावर आणले. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांची वीण एकच आहे, ती दुःखाची आहे, अशी त्या पुस्तकामागची भावना आहे. पण त्यात केवळ जातीचा जाच नाही. चळवळीच्या घरातही बाईला काय सोसावे लागते, ते त्यात आहे. पगार नवऱ्याच्या हाती द्यायचा, शिकायचे तर घरचे सगळे आटोपून, सभेला जायचे तर कुरकुर ऐकून. मुलगा ऐन तारुण्यात गेला, ते दुःखही त्यांनी लिहिले. नवऱ्याबद्दल लिहिताना त्यांनी त्याला राक्षस केले नाही, पण खरे झाकलेही नाही. हे फार अवघड काम आहे.

येथे मला आफ्रिकेतल्या एका कादंबरीकार स्त्रीची आठवण येते. बुची एमेचेता असे तिचे नाव. नायजेरियात लागोसला १९४४ साली जन्मली, म्हणजे उर्मिलाताईंपेक्षा एका वर्षाने मोठी. तिचेही वडील लहानपणीच वारले. सोळाव्या वर्षी लग्न झाले, पुढे ती लंडनला गेली. काळी म्हणून तिथे दुय्यम आणि बाई म्हणून घरात दुय्यम. तिने पहिली कादंबरी लिहिली, तर नवऱ्याने हस्तलिखित जाळून टाकले. ती लेकरांना घेऊन घराबाहेर पडली. पाच मुले वाढवली, नोकरी केली, समाजशास्त्राची पदवी घेतली आणि जळालेली कादंबरी पुन्हा लिहिली. १९७६ साली ती प्रसिद्ध झाली. २०१७ साली एमेचेता वारली, पण तिची पुस्तके जगभर वाचली जातात. एक रत्नागिरीची, एक लागोसची. दोघींनी एकमेकींना पाहिले नसेल, पण दोघींचे म्हणणे एकच: बाहेरच्या गुलामीविरुद्ध लढणाऱ्या माणसाने घरातली गुलामी सांभाळून ठेवू नये.

आता आपल्याकडे वळते. आपल्या जंगलातला बांबू वर्षानुवर्षे बल्लारपूरच्या गिरणीत जाऊन कागद झाला. तो तोडणाऱ्या, वाहणाऱ्या बाईच्या हाती त्यातला किती कागद आला? गडचिरोलीतल्या लेखा-मेंढा गावाने २००९ साली वनहक्क मिळवला आणि २०११ साली बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. बांबूवर गावाचा हक्क मान्य झाला, ही मोठी गोष्ट आहे. आता कागदावरचा हक्क बायांनी मागायचा आहे.

१६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी याच चंद्रपुरात दीक्षा दिली. माझी आई त्या दिवशी तिथे होती. कडेवर माझा मोठा भाऊ, डोक्यावर भाकरीचे गाठोडे, दोन दिवसांची पायपीट. ती आम्हाला तेंदूपत्त्याचे मुडके बांधता बांधता ते सारे सांगायची. मी शिक्षिका झाले, शेकडो मुलांचे निबंध तपासले, पण आईचे बोलणे एकदाही लिहून घेतले नाही. ‘उद्या लिहू’ म्हणत राहिले. ती गेली. आता मला तिच्याबरोबर चालणाऱ्या बायांची नावेही आठवत नाहीत. ही चूक माझी आहे आणि ती मी आपल्यासमोर कबूल करते.

त्या दिवशी विशीत असलेली बाई आज नव्वदीच्या आसपास आहे. अशा फार थोड्या उरल्या आहेत. म्हणून माझी विनंती आहे. प्रत्येक लेकीने एक वही घ्यावी. आजीजवळ, शेजारच्या म्हातारीजवळ बसावे. दीक्षेला कशी गेली, काय खाल्ले, देव कसे सोडले, नवरा काय म्हणाला, मोहफुले वेचताना काय गाणी म्हटली, सगळे तिच्याच बोलीत लिहावे. भाषा सुधारू नये. आणि बंधूंनो, आपणांसही एक सांगते. आजच्या कार्यक्रमात शंभर माणसांचा स्वयंपाक कुणी केला, त्यांची नावे स्मरणिकेत छापा. पुढच्या वर्षी त्यांचे लेखही छापा.

उर्मिलाताईंच्या आईला लिहिता येत नव्हते, म्हणून तिने विणले. लेकीला लिहिता आले, म्हणून आज आपण त्या आईला ओळखतो. आपल्याला लिहिता येते. मग आपल्या आयांना पुढच्या पिढीने ओळखू नये, याला कारण काय?